सहा नंबरचा ठिपका

ति. दाजींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुमची तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो, पण या वेळी खरंच उत्तर हवं आहे. आम्ही मजेत आहोत. मला एक आजार झाला आहे एवढंच, पण तो मी छान सांभाळून घेतला आहे.

झालं असं की डेपोने निवृत्त लोकांची फुकट तपासणी ठेवली होती. मी गेलो चहा-बिस्किटांसाठी (आपण मेकॅनिक मंडळी, आपल्याला काय होतंय?) आणि परत आलो हिपॅटायटिस सी घेऊन. म्हणजे तो आधीपासूनच होता, चांगली तीस वर्षं, गुपचूप यकृतात मुक्काम ठोकून. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तीन महिने गोळ्या घ्या, बहुतेक सगळे बरे होतात. मी घाबरलोच नव्हतो. घरी येऊन फक्त दोनदा चप्पल उलटी घातली.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच दवाखान्यात एक संशोधक मुलगी देशाचा नकाशा करते आहे. या विषाणूचे म्हणे नंबरवार प्रकार असतात, आणि देश एवढा मोठा की प्रत्येक भागाचा नंबर वेगळा. आपल्या भागात तीन नंबर, थोडा एक. सहा नंबर सापडतो तो थेट पूर्वेच्या टोकाला. आणि माझा निघाला सहा! तिच्या नकाशावर आपल्या सगळ्या पिवळ्या मुलखात एकच जांभळा ठिपका आहे, तो मी. (गोळ्या सगळ्या नंबरांना त्याच, त्यामुळे मी निश्चिंतपणे अभिमान बाळगू शकलो.)

हा अभिमान संध्याकाळपर्यंत टिकला. ती मुलगी प्रश्नांची यादी घेऊन घरी आली आणि बायकोच्या देखत तिने विचारलं, "काका, पूर्वेकडे कधी राहायला होतात?"

"मी? मी नदीपलीकडे एकदाच गेलोय, तेही स्वतःच्या लग्नाला!"

"आणि लग्नाच्या आधी कुठे कुठे गेला होतात, ते मला कुठे माहीत आहे?" बायको म्हणाली.

दाजी, तुम्ही साक्षीदार आहात, लग्नाआधी मी डेपोच्या खड्ड्यात बसखाली होतो. पण बायकोने ट्रंक काढली आणि तळाशी एक विणलेला मफलर सापडला. हा पूर्वेकडच्या कुणीतरी विणलाय, असं तिने ठरवून टाकलं. मी म्हटलं, अगं, ताईने विणलाय. तर म्हणे, ताईंना विणता येत नाही. (हे खरं आहे, आणि मफलरकडे बघून ते कळतंही, पण ऐकतो कोण?) दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा रागाने वाजत होत्या.

तिसऱ्या दिवशी मुलगी उरलेले प्रश्न विचारायला आली. "कधी रक्त चढवलं होतं का?"

बायकोच पटकन बोलली, "हो तर! जॅक सटकला आणि पाय चिरडला तेव्हा. दाजींनी दिलं होतं. प्रत्येक लग्नात सांगतात ते, माझ्या रक्तावर चालतोय हा, म्हणून."

"दाजी इथलेच?"

"इथलेच, पण त्याआधी सात वर्षं पूर्वेच्या डेपोत होते. तिकडे त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशनही झा..."

आणि बायकोने तोंडावर हात ठेवला. मुलीने यादीत काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

मग मुलीने नीट समजावलं. त्या काळी रक्तात हे तपासायची सोयच नव्हती. नकाशा फक्त दिशा दाखवतो, अमुकच माणसाकडून आलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जेवणातून, जवळ बसल्याने हे होत नाही. (बायकोचं रक्त स्वच्छ निघालं. तो रिपोर्ट तिने देव्हाऱ्यात ठेवला आहे.) आणि ज्याच्या अंगात हे असतं, त्याला पंचवीस-तीस वर्षं पत्ताही लागत नाही. मला कुठे लागला?

बायको आता माझ्याशी बोलते आहे. मफलरही मला परत मिळाला आहे. गोळ्यांचा दुसरा महिना चालू आहे, भूक उत्तम. बाकी विशेष काही नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. : विशेष आहे. दाजी, रक्त तपासून घ्या. तुम्ही दिलेल्या बाटलीबद्दल मी एक शब्द वाईट बोललेलो नाही आणि दुसऱ्याला बोलू देणार नाही. त्या दिवशी ती नसती, तर आज तक्रार करायला मीच नसतो. शुक्रवारची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे. गुरुवारी न्यायला येतो. नाही म्हणू नका, तिकीट काढलं आहे.

ता. क. दोन : ताईला यातलं काही सांगू नका, उगाच घाबरेल.

ता. क. तीन : दाजींचा चष्मा कधीच सापडत नसतो, तेव्हा हे पत्र तूच मोठ्याने वाचत असशील. ताई, तूही ये, तुझंही रक्त तपासायचं आहे. आणि त्यांचा चेहरा पडला असेल तर सांग, तशी वेळ पुन्हा आली तर मी त्यांच्याच रक्ताची बाटली मागेन. फक्त या वेळी आधी तपासून.