काळ्या मातीतलं अँथुरियम

अण्णा, तुमचं चुकलं होतं. हे तुम्ही असतानाच म्हणायला हवं होतं, पण तुम्ही बोलायला लागलात की मध्ये शिरणं म्हणजे चालत्या ट्रॅक्टरपुढे उभं राहणं. आता तुम्ही माझं बोलणं तोडू शकत नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगते.

नोकरी लागली त्या हिवाळ्याच्या तोंडावर मी शहागंजातल्या नर्सरीतून ते अँथुरियम आणलं. मेणातून ओतल्यासारखं लाल फूल. तुम्ही पेपर खाली केलात. "हे काय, प्लास्टिकचं का?" मी म्हटलं, खरं आहे. "खरं असून असं दिसतं? मग लई दिवसांचा सोबती नाय." आई हसली. "इथली थंडी ज्याला सोसत नाय त्यानं इथं येऊच नाय," असा निकाल देऊन तुम्ही पुन्हा पेपरमागे गेलात.

आणि पुढच्याच खेपेला गावाहून, पिशोरहून येताना शेतातली काळी माती पोत्यात भरून आणलीत! नर्सरीवाल्यानं घातलेला नारळाचा भुसा उपसून फेकलात. "ह्या भुशात काय जीव धरणार ते? आपल्या मातीत काठी खोचली तरी पालवते." मग कडाका पडला, आणि रोज दिवस मावळताना तुम्ही गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या कुंडीला द्यायला लागलात, थंडीत पिकाला देता तसं. मला आईनं सांगितलं. "अगं, थंडी लई हाय म्हणून पाजतेत त्याला. तुला सांगू नको म्हणले."

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, अण्णा. टाकीचं बर्फ असतं. आणि शेतातली काळी माती पाणी खाली खोल सोडते, वीतभर कुंडीतली कुठे सोडणार? संक्रांतीपर्यंत देठ काळे पडले. मुळं हाताला शेवाळासारखी लागत होती. तुम्ही कुंडी उपडी केलीत आणि म्हणालात, "म्हटलं नव्हतं? इथलं नव्हतंच ते."

हे वाक्य मी अजून मान्य केलेलं नाही. ते थंडीनं गेलं नाही, बुडून गेलं. तुम्हाला त्याची काळजी वाटत होती हे मला कळतं, पण काळजी करणाऱ्याचा निकाल बरोबर असतो असं नाही.

तुम्ही गेल्यानंतर मी दुसरं आणलं, लहानसं रोप. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. काळ्या मातीचा कणही घातलेला नाही. नारळाचा भुसा, कोळशाचे तुकडे, विटांचा चुरा. दुपारभर उन्हात ठेवलेल्या तांब्यातलं पाणी, तेही बोट खुपसून कोरडं लागलं तरच. दिवाळी सरली की कुंडी खिडकीपासून आत येते, कुकरची वाफ पोचेल इतकी. शेजारच्या काकू म्हणतात, "बाळंतिणीचं एवढं करत नाहीत गं." बिडकीनला कामाला असलेला तुमचा पुतण्या परवा चहाला आला होता. हुबेहूब तुमचा सूर. "ताई, ह्याच्या जागी कोथिंबीर लावली असती तर भाजीत तरी पडली असती." मी म्हटलं, "तुझ्या घरी लाव की. हे इथंच राहणार."

या आठवड्यात पुन्हा कडाका आहे. सकाळी गच्चीवरच्या नळाला हात लाववत नाही. झाड मात्र टवटवीत आहे, एक नवं तांबूस पान कालपासून उलगडतंय. आणलं त्यानंतर कितीतरी हिवाळे गेले आणि ते प्रत्येक हिवाळ्यातून निघालं. इथलं नव्हतंच म्हणता? इथलंच आहे. मी ठेवलंय म्हणून आहे.

हे पत्र तुमच्या फोटोमागे सरकवायचा विचार होता. आता तसं करणार नाही. वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढून एकच विचाराल: फूल आलं का?

नाही, अण्णा. अजून एकदाही नाही.