अंगठीतला पिवळा खडा

३ नोव्हेंबर २०२५, अमरावती
नीलमला साखरपुड्याची अंगठी पांढऱ्या सोन्यात हवी. म्हणाली, "आई, बाबांनी तुले दिलेला हिराच बसवू. तू तं घालतच नाहीस."
घे म्हटलं. मला नकोच ती. ह्यांनी दिवाळीत अंगठी आणली आणि जानेवारीत कापूस खरेदी केंद्रावरून घरी येताना उभ्या ट्रॉलीवर गाडी घातली. जागीच गेले. प्यायले होते — पानठेल्यावर सगळे तेच म्हणत होते. पूर्वी प्यायचेच हे. तीन वर्षं होतील. रडणं कमी झालं नाही. रागही नाही.

५ नोव्हेंबर
सराफाच्या दुकानात काम करणाऱ्या भावनाने खडा काढला. पांढऱ्या कागदाची घडी केली, त्यात पालथा ठेवला. शेजारी दुकानातले दोन हिरे. "काकू, बाजूनं पाहा. वरून नुसती चमक दिसते, रंग लपते."
पाहिलं. तिचे पाण्यासारखे. आपला लिंबू पिळल्यासारखा.
"पिवळ्या सोन्यात समजत नाही. पांढऱ्यात उघडा पडंन."
नीलम रस्त्यात म्हणाली, "बाबांले फसवलं काय कोणी?"

६ नोव्हेंबर
दुकानातलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. पाट्या बघत बघत अक्षरं शिकले, आता हाताला लागेल ते वाचते. डी म्हणजे बिनरंगाचा. तिथून झेडपर्यंत पिवळेपणा चढत जातो. आपला एम, भावनाने सांगितलं होतं. खोट नाही, आवडीचा प्रश्न, असं लिहिलंय.
पण हे अकोल्याला कापूस खरेदीवर ग्रेडर — उजेडात मूठभर कापूस धरून पिवळट काय ते क्षणात सांगणारे! त्यांना हे दिसू नये? की त्या दिवशीही प्यायलेले होते?

७ नोव्हेंबर
भाकरी करपली. डोक्यात तेच.

९ नोव्हेंबर
अकोल्याला जाऊन आले. भगवंतराव सोनारांनीच हा खडा दिलेला. बसायच्या आधीच म्हटलं, "पिवळा गळ्यात मारला तुमी आमच्या."
"वयनी, बसा तं खरं. पिवळा म्हणूनच विकला. बिलावर लिहिलेलं हाये." मग म्हणाले, "दोन खडे ठेवले होते म्या. देवमनभाऊ म्हणे, भगवंता, मले दोन्ही सारखेच दिसून राहिले. मंग मोठा घेतला. तिच्या हाताले शोभंन म्हणे."
ह्यांना मोतीबिंदू होता म्हणे. दोन्ही डोळ्यांत. कापूस हातानं चाचपून, सोबतच्याला विचारून निभावत होते म्हणे.
"घरी सांगू नको म्हणे. केंद्रावर समजलं तं नोकरी जाईन. सीझन उरकला का ऑपरेशन करतो."
सीझन फेब्रुवारीत उरकला.
चहा तसाच राहिला. परत येताना बसमध्ये एकच डोक्यात — ट्रॉली बिनदिव्याची होती. आणि वेळ संध्याकाळची.

१० नोव्हेंबर
नीलमला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आपण त्याहिले दारूडा म्हणत होतो न, आई?"
आपण नाही. मी.

११ नोव्हेंबर
हिवरखेडला दिराला, रामरावांना, फोन केला. म्हटलं, हे त्या दिवशी प्यायलेले नव्हते.
"वयनी, पोस्टमार्टमच्या कागदातही तेच होतं. मी तवाच वाचून, पाकीट चिकटवून तुमच्या हातात देलं. तुमी तं सारंच वाचता, म्हणून मी अलग काही सांगितलं नाही."
पाकीट कपाटात सापडलं. अजून चिकटवलेलंच.