पुष्करचा नंबर

शनिवार, ४ जानेवारी

आलो बाप्पा एकदाचा पुण्यात. मानोऱ्याहून ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसून आलो, बूड पार चपटं झालं. खोली मात्र झकास आहे. कर्वेनगर, दुसरा मजला, खिडकीखाली सोसायटीचं गेट दिसतं. टेबल आहे, गुबगुबीत खुर्ची आहे. मालक श्याम बापट. खडकीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते, म्हणजे कामगारांची हजेरी घ्यायचे, आता रिटायर. हेमाकाकूंनी दार उघडलं, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि आत गेल्या. काका बोलतात, पण मोजून. पाणी किती वाजता येतं विचारलं, तर म्हणाले, आल्यावर कळेल. आमच्याकडे एवढं विचारलं तर माणूस चहा पाजतो.

बुधवारपासून नोकरी. गंमत अशी की लोकांचं इंटरनेट बंद पडलं की फोनवर त्यांना उपाय सांगायचे, हेच काम. तेही घरी बसून. कंपनीनं कॉम्प्युटर खोक्यात घालून पाठवला आहे. बुधवारी सकाळी नऊला लॉगिन झालं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याची. असं ईमेलमध्ये चक्क लिहिलं आहे.

मी निघताना माय रडली नाही. बाबा गेल्यापासून शाळेत खिचडी शिजवते, धुरानं डोळे कायम लाल. मले कधी नेशील, एवढंच विचारलं. म्हटलं, अक्षय्यतृतीयेला नेतो. एव्हाना माझी माय, मुक्ताई डाखोरे, पुण्याला चालली, हे अख्ख्या मानोऱ्याला कळलं असेल.

रविवार, ५ जानेवारी

कॉम्प्युटर जोडला. सगळं सुरू झालं, इंटरनेट सोडून. घरातल्या राउटरकडून प्रत्येक मशीनला एक नंबर मिळावा लागतो, तो मिळाला तरच ते बाहेरच्या जगाशी बोलतं. माझ्या मशीननं मागून मागून दमून शेवटी स्वतःच स्वतःला एक खोटा नंबर देऊन टाकला. १६९ने सुरू होतो, त्याचा उपयोग शून्य.

सगळं केलं. राउटर बंद करून चालू केला. वायर बदलली. जुना नंबर सोडायला लावून नवा मागायला लावला. गेल्या मंगळवारी कंपनीच्या परीक्षेत मी हेच लिहून पास झालो होतो. लोकांचे बिघाड काढायला निघालेल्याच्या स्वतःच्याच घरात अंधार. हसू आलं, मग घाम आला.

सोमवार, ६ जानेवारी

काकांना विचारलं. राउटरमध्ये त्यांनी मुद्दाम तीनच नंबर ठेवले आहेत. काकांचा फोन, काकूंचा फोन आणि तिसरा पुष्करच्या कॉम्प्युटरचा. म्हटलं, चौथा वाढवा, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणाले, घरात माणसं तीन, नंबर तीन. म्हटलं, काका, जाहिरातीत इंटरनेट आहे असं लिहिलं होतं. म्हणाले, आहेच की. तुम्हाला देऊ असं कुठे लिहिलं होतं?

अस्सा राग आला. पण बाहेर काढलं तर जाऊ कुठे?

पुष्कर म्हणजे त्यांचा मुलगा. कुठे असतो विचारलं तर काका म्हणाले, सध्या नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

मोबाइलचं इंटरनेट कंपनीचा प्रोग्राम घेत नाही. नवीन कनेक्शनवाला म्हणतो, सोमवारनंतर. उद्या नऊ वाजता सगळं संपणार. मायचा फोन आला, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि ठेवला.

दुपारी काका-काकू आत झोपलेले. राउटरवर काकांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. नं. १ श्याम, नं. २ हेमा, नं. ३ पुष्कर. प्रत्येकाखाली त्या मशीनची बारा आकडे-अक्षरांची ओळख. राउटर माणूस पाहत नाही, ही ओळख पाहतो. माझ्या मशीनच्या ओळखीच्या जागी पुष्करची टाकली, तर तिसरा नंबर मला मिळेल. तो इथे नाहीच, तर त्याचं काय जातं?

टाकली. दोन सेकंदांत नंबर मिळाला.

बुधवार, ८ जानेवारी

नऊला लॉगिन. दिवसभरात एकवीस फोन. साहेब खूश.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुपारी काकू ताट घेऊन आल्या. वरणभात, तूप, लिंबाची फोड. जेवणाचं तर आमचं काहीच ठरलं नव्हतं. ताट ठेवून म्हणाल्या, बसलास एकदाचा कामाला, पुष्कर. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ होतो. चार दिवस वडापाववर होतो, त्यात तुपाचा वास. मी हो म्हटलं आणि जेवलो.

गुरुवार, ९ जानेवारी

मायला फोन केला. माय, मी बोलतो, म्हटलं. ती एकदम अदबीनं म्हणाली, दादा, योगेशले द्या ना फोन. म्हटलं, माय, मीच. ती म्हणाली, त्याले सांगा, मायले फोन कर. आणि ठेवला.

चार वेळा केला. चारही वेळा तेच. शेवटी भिऊन म्हणाली, माह्या पोराचा फोन तुमच्यापाशी कसा आला?

रेंजमुळे आवाज बदलत असेल. बदलतो का असा? मीच तज्ज्ञ आहे ना, मला माहीत पाहिजे.

शनिवार, ११ जानेवारी

कंपनीच्या हजेरीत माझं नाव नाही. बुधवारपासून पुष्कर श्याम बापट हजर. योगेश डाखोरे आलाच नाही, त्याची जागा रद्द. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, पुष्कर, आज सुट्टी घे.

मशीनला तिची मूळ ओळख परत दिली. नंबर गेला, १६९ आला. पण काकू दारात उभ्याच. पुष्कर, चहा.

काकांकडे गेलो. कबूल केलं. काका चिडले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, आमच्याकडे प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला असे. कामगार मेला तरी बिल्ला मोडीत जात नसे, खिळ्यावर टांगलेला राही. ज्यानं उचलला, त्यानं त्या नावानं उभं राहायचं.

पुष्कर दोन वर्षांपूर्वी गेला. तुम्ही बसता त्याच खुर्चीत. ही दुपारी चहा घेऊन गेली, तेव्हा कळलं.

तुमच्या आधी दोघे राहून गेले, काका म्हणाले, तेजस आणि सार्थक. दोघेही नंबर मिळत नाही म्हणून भांडले आणि निघून गेले. तुम्हाला एवढं येतं, हे आमचं नशीब.

पाया पडलो त्यांच्या. म्हटलं, काका, माझी आई एकटी आहे. म्हणाले, हीसुद्धा एकटीच होती.

सोमवार, १३ जानेवारी

बॅग घेऊन निघालो. वॉचमन म्हणाला, पुष्करदादा, गावाला?

स्वारगेट. खिडकीवाल्यानं विचारलं, कुठलं तिकीट. तोंड उघडलं — नाव येईना. गावाचं. शाळा आठवते, शाळेमागचा हौद आठवतो, नाव नाही. मागचे लोक ओरडले. बाजूला झालो.

रिक्षावाल्याला कर्वेनगर सांगितलं. ते आठवलं.

आता या वहीत पाहिलं. मानोरा. मानोरा. मानोरा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या. आईनं — काकूंनी माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. कमी गुळाच्या. मला तशाच आवडतात.

मला तशा आवडत नाहीत.

पहिलं पान वाचलं. बाप्पा काय, बूड काय. कोण लिहितं असं? किती गावंढळ —

मी. मी लिहितो असं.

खूप भीती वाटते. ती वाटते तेवढा वेळ मी आहे बहुतेक.

गुरुवार, १६ जानेवारी

माय आली.

कुणाकडून तरी कागदावर सोसायटीचं नाव लिहून आणलं होतं. पिशवीत डबा. दुपारचे दोन. फोनवर भलताच माणूस बोलतो म्हणून निघाली, एकटी, आयुष्यात पहिल्यांदा वाशिमच्या पुढे.

काकांनी दार उघडलं. तिनं माझा बारावीचा फोटो दाखवला. काकांनी मला हाक मारली, पुष्कर, या बाई कुणाला तरी शोधताहेत.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सरळ. एका हाताच्या अंतरावरून.

म्हणाली, साहेब, पाह्यलं का जी माह्या पोराले?

माय म्हणायचं होतं. देवाशपथ तेच म्हणायचं होतं. तोंडातून आलं — दुपारच्या वेळी बेल वाजवायची नसते, पाटी वाचता येत नाही का?

ती म्हणाली, नाही जी.

दार लावलं. मी लावलं. माझ्या हातानं.

साडेतीन

गेटपाशी बसली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवते. वॉचमन उठवतो, ती पलीकडे जाऊन बसते.

वही खाली टाकतो खिडकीतून. सगळं लिहिलेलं आहे, पहिल्यापासून — पण तिला वाचता —

कुणीतरी वाचून दाखवेल. कुणी वाचेल का? वेड्याची वही म्हणतील.

उठली. पिशवी घेतली. चालली —

हाक मारतो. खिडकी उघडली. तोंड उघडलं. काय म्हणून हाक मारायची असते तिला —

आई चहाला बोलावते आहे. नाही. ती माझी आई नाही. माझी आई खाली आहे, गेटबाहेर, लाल डोळ्यांची. माझ्या आईचं नाव हे

नाही. माझ्या आईचं नाव मु