परस्पर

नाही, मला वेड लागलेलं नाही, आणि वकीलबाईंकडे मी रडत गेले नव्हते. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

धाकटे, आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच. असो.

तुझ्या भावोजींनी माझं शिलाई मशीन मला न विचारता देऊन टाकलं. कुणाला, तेही सांगेनात. एकेचाळीस वर्षं हेच. घराला रंग परस्पर, पोरीला स्थळ परस्पर (माझी कवळीसुद्धा परस्पर दुरुस्तीला! दोन दिवस पेज प्यायले), आता मशीन. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. शेजारीण म्हणाली, कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. म्हटलं, वा! एक गोष्ट मीही परस्पर करीन. त्यांना कळेल तेव्हा कळेल.

गेले. वकीलबाई पोरसवदा, पण माझं ऐकून कपाळाला हात लावला. "आजी, परस्पर म्हणजे एकमेकांच्या. दोघांची संमती लागते." म्हटलं, बाई, आमचं दोघांचं एकमत होत असतं तर मी तुझे तीन जिने कशाला चढले असते? तर म्हणे, आधी वर्षभर वेगळं राहायला हवं (खोल्या दोन, राहू कुठे, मोरीत?), आणि लग्नाचा पुरावा आणा. म्हटलं, चार पोरं आहेत. म्हणे, तो पोरांचा पुरावा झाला, लग्नाचा नव्हे. घ्या!

शेवटी त्यांनाच बोलावून घेतलं. आले, टोपी हातात धरून. बाईंनी विचारलं, तुमची संमती आहे का? हा माणूस माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुझं काय म्हणणं?"

अगं, जिंकले की मी! तुझं काय म्हणणं! एकेचाळीस वर्षांनी, तेही साक्षीदारासमोर! म्हटलं, घटस्फोट गेला चुलीत, लिहून द्या: यापुढे एकमेकांना विचारल्याशिवाय घरातली वस्तू हलणार नाही. दोघांनी सह्या ठोकल्या. बाई म्हणाल्या, कोर्टात या कागदाला किंमत नाही. नसू दे, आमच्या कपाटावर डकवलाय, तिथे आहे. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन लग्नाच्या नोंदणीचा अर्जही दिला. पुढेमागे घटस्फोट घ्यायचा झाला तर पुराव्यापायी अडायला नको.

तुझी,
थोरली

ता. क. मशीन कुणाकडे आहे ते त्यांनी बाईंसमोर कबूल केलं. रविवारच्या आत परत पाठव. आणि सुईसकट. बहीण म्हणवतेस!

आणखी एक ता. क. सहीच्या आदल्या दिवशी त्यांची आरामखुर्ची मी देऊन टाकली. कागद सहीनंतरचा, तेव्हा ती त्यात बसत नाही. कुणाला दिली ते विचारू नकोस. त्यांनाही सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही.