टबातलं नवं ऑइल

अद्वय,

गाडी सुरू करू नकोस, इंजिनात ऑइल नाही. रविवारी तू आणि अण्णांनी मिळून ऑइल आणि फिल्टर बदलले होते. आज सकाळी अण्णांनी एकट्याने खाली जाऊन ते नवं ऑइल पुन्हा काढलं. त्यांचं हे विसरणं, तू म्हणतोस, वयामुळे होतं. पार्किंगमधला टब बघ, ऑइल मधासारखं स्वच्छ आहे. त्यांना ते जुनं वाटलं. त्यात धूळ पडली आहे, परत भरू नकोस.

मी त्यांना रिक्षाने नौपाड्याला डॉक्टरांकडे नेते आहे. हे बरं होण्यातलं नाही, एवढं मला कळतं. हात धुताना मला म्हणाले, "अद्वयला हल्ली वेळ नसतो गं. यंदा एकट्यानेच उरकलं."

संध्याकाळी तुझ्यावर रागावले तर ऐकून घे.

ताई