एका काडतुसात दोन मापं

रवि., ३ ऑगस्ट
पर्थहून परत. विमानात झोप नाही, सिंगापुरात बुकित पंजांगला घरी पोचेपर्यंत मान धरली. दारातच मेधा म्हणाली, "नित्याशी भांडून आलात ना?" भांडण कसलं. तिच्या भावाला शिकवत होतो. बंदुकीच्या गोळ्या ओतल्या होत्या त्याने, अंगावर सुरकुत्या, बुडाला खड्डे. साचा नीट तापायच्या आत शिसं ओततो. धीर म्हणून नाही. शेडमध्ये त्याचे दोन मित्र चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर सगळ्या गोळ्या परत भांड्यात टाकून वितळवल्या आणि म्हणालो, "तू डेंटिस्ट, लोकांचे दात काढ बाबा, हे तुझं काम नाही." मित्र गोरे, मराठी कळत नाही, म्हणून इंग्रजीतही सांगितलं. नित्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

माझ्या हाताने डबाभर काडतुसं भरून ठेवलीत. शनिवारी त्यांच्या क्लबात जुन्या बंदुकांची स्पर्धा आहे. निदान काडतुसं तरी त्याची लाज राखतील.

सोम., ४
कामाला परत. केमिकल प्लँटच्या आयलंडची बस, गेटवर पास, तीच तोंडं. डोकं पर्थला. दीडशे वर्षांची इंग्रजी बंदूक. जाहिरात मी शोधली, पुस्तकं मी वाचली, गोळ्यांचा साचा मी निवडला. आणि मालक कोण, तर नित्या. इथे सिंगापूरला घरात एक काडतूस सापडलं तरी तुरुंग, मग काय करणार. त्याच्या नावावर, त्याच्या कपाटात.

संध्याकाळी त्याचा मेसेज. "दाजी, तुमचं बोलणं मनावर घेतलंय. आता सगळं तोलतो. पावडरचा नवा डबा जरा कमी भरतोय. तुमच्याकडून एखादं माप जास्त गेलं का?"
लिहिलं, "सांडली असशील. नेहमीसारखी."
"असेल दाजी. सॉरी."

मंगळ., ५
एलआरटीच्या गाडीत उभा असताना आठवलं. 
काडतुसांच्या रिकाम्या पितळी केस ओळीने उभ्या केल्या होत्या, एकेकीत एक माप पावडर टाकत होतो. मध्येच उठलो, त्याच्या गोळ्या वितळवायला. परत येऊन बसलो तेव्हा कुठपर्यंत आलो होतो? शेवटची भरली होती की भरायची होती? टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये बघायचं, हे नित्याला ऐकवून ऐकवून त्याचे कान किटलेत. मी बघितलं का? नाही. रागात होतो, टॅक्सी दारात हॉर्न मारत होती. गोळ्या बसवल्या आणि निघालो.
त्या जुन्या केस केवढ्या मोठ्या. आजची पावडर नुसती तळाशी बसते. दोन मापं पडली तरी वरून कळायचं नाही. एवढ्या दाबाला ती म्हातारी नळी टिकायची नाही. तोंडाजवळच फुटेल.
नसेलही पडलं. एखादंच असेल तर. कुठलं, ते देव जाणे.

बुध., ६
साइटवर केमिकलची टाकी जास्त भरली. सुपरवायझर मुरुगन, चांगला माणूस, तासभर कुणाला कळवलं नाही. "सर, सांगायलाच येत होतो." साइटवरून काढा, असं लिहून दिलं. सेफ्टीचा माणूस मी, दुसरं काय लिहिणार. वर सगळ्यांना उभं करून सांगितलं, चूक चालेल, लपवणं चालणार नाही. आवाज चांगला लागला होता. मुरुगन हेल्मेट हातात धरून उभा होता, मान खाली.
पण माझी गोष्ट वेगळी आहे. त्याला माहीत होतं. मला अजून खात्री नाही.

गुरु., ७
मेधाला चांगी विमानतळावर सोडलं. राखीला निघाली भावाकडे. जाताना म्हणाली, "तुमच्या वतीने माफी मागू का त्याची?" म्हटलं, खबरदार.
परतीच्या टॅक्सीतून नित्याला फोन लावला. सांगायचं ठरवून लावला होता, शपथेवर. त्याने उचलला, "बोला दाजी," इतक्या प्रेमाने, की माझं डोकंच फिरलं. तोंडून निघालं, "त्या काडतुसांना हात लावायचा नाही. तुझी लायकी नाही. मी येईन तेव्हा मी मारीन."
मग म्हणाला, "बंदूक माझ्या नावावर आहे दाजी. शनिवारी मीच मारणार. तुमचीच काडतुसं मारणार."
आजवर उलट बोलला नव्हता. नेमका आजच पाठीला कणा फुटला.
लेक सिया शेजारी बसून ऐकत होती. "पप्पा, यू सो मीन लाह." असं म्हणून कानात इअरफोन घातले.

शुक्र., ८
एवढंच तर लिहायचं. मारू नकोस, सगळी काडतुसं खोलून टाक, माझ्याकडून चूक झाली असेल. टाइप केलं, पुसलं. परत टाइप केलं. तिथलं आणि इथलं घड्याळ एकच, तीही सबब नाही.
ते दोन गोरे असतील तिथे. मेधा असेल. नित्या हसणार नाही, हे मला माहीत आहे. तो म्हणेल, असू दे दाजी, होतं असं. तेच नकोय मला.
ऑफिसात एचआरचा मेल. मुरुगनचं कामाचं परमिट रद्द होणार, देश सोडावा लागेल.

शनि., ९
सिंगापूरचा राष्ट्रीय दिन, सुट्टी. खाली ब्लॉकभर झेंडे, सिया मैत्रिणींबरोबर परेड बघायला गेली. नित्याला फोन लावला, कट केला त्याने. परत लावला, परत कट.
मग मेधाचाच आला. राखी बांधून झाली, क्लबात आलेत, त्याचा नंबर आता लागेल.
"त्याला दे जरा."
"तो घेत नाही. म्हणतो, आधी मारतो मग बोलतो. काय ते मला सांगा ना."
मागे नित्या कुणाशी तरी बोलत होता. मजेत वाटला.
म्हटलं, "तू लांब उभी राहा. मागे, गाडीपाशी."
"का?"
"आवाज फार मोठा असतो."
"मग नित्यालाही बोलावते गाडीपाशी," मेधा म्हणाली. "आणि तुमची बंदूक धरणार कोण?"
ती हसत होती. मीही हसलो आणि फोन ठेवला.