हो म्हणायची सवय

आये, परवा माझं नवं प्रमाणपत्र आलं. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, असं सरकारनं आता शिक्क्यानिशी मान्य केलं आहे, आणि टक्के पहिल्यापेक्षा वाढले आहेत. ऑफिसात एकानं पेढे मागितले, मी दिलेसुद्धा. घरी येऊन भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, झोपले. आज रविवार. लेक मैत्रिणीकडे गेली, हे दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेले, म्हणून दुपारची तुला लिहायला बसले. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेण्यातलं नाही.

तुझ्या माघारी मी पोलादपूरला सरकारी कचेरीत लागले. अपंगांच्या जागेवर. आता दिव्यांग म्हणतात. तू तर कुठलाच शब्द काढू देत नव्हतीस. माझ्याकडे आवक-जावक आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर घालायचा, ज्याचं त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. या कामाला कान लागत नाहीत, म्हणून सतरा वर्षं निभावलं. तर फेरतपासणीचं पत्रही माझ्याच हातात पडलं. या जागांवर लागलेल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी, चाळीस टक्क्यांच्या खाली जो भरेल त्याची नोकरी जाणार, वर फसवणुकीची कारवाई. मी वाचलं, शिक्का मारला, नंबर घातला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. फक्त त्या दिवसापासून जेवणाची चव गेली. दोनदा मीठ घातलेली आमटी मी निमूट जेवले. ह्यांनी तोंड वाकडं केलं तेव्हा कळलं.

ऑफिसात कुजबुज सुरू झाली. "ताईंना कसलं कमी ऐकू येतंय? साहेबांची गाडी आली की सगळ्यांच्या आधी त्या उभ्या!" हे मी चार टेबलं पलीकडून ओठांवरून वाचलं. बहिऱ्या माणसासमोर आवाज उतरवून काही फायदा नसतो, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. आणि साहेब आल्याचं मला कसं कळतं, तर दारातल्या शिपायाची ढेरी आत जाते. एवढंच आहे ते. पण त्यांचा तरी काय दोष? सतरा वर्षं मी त्यांना तेच पटवत आले होते.

हे तूच शिकवलंस, आये. बिरवाडीची आपली खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. वर पत्रा, खाली शेणाची जमीन, एका भिंतीला चूल आणि उरलेल्या जागेत कारखान्यातल्या कामगारांची पंगत. एक पाळी जेवून उठते तोवर दुसरी दारात उभी. मी दहा वर्षांची आहे, हातात भाताचं पातेलं आहे. सातव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि कान घेऊन गेला. तू मला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलंस, वाफेवर डोकं धरलंस, माझा कान लाल झाला आणि ऐकू काही आलं नाही. परतताना वाटेत तू माझी हनुवटी धरून तोंड तुझ्याकडे वळवलंस आणि सावकाश म्हणालीस, "कुणाला सांगायचा नाय. बहिरी नाव पडला का मग तेच नाव ऱ्हातंय." मी मान हलवली. माझा पहिला हो तो.

एकदा पंगतीत एका माणसानं काहीतरी मागितलं. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा बोलला, मिशी मोठी, ओठ दिसेनात. मी पुन्हा "काय?" म्हटलं. तू चुलीपाशी मला ओढून दंडाला असा चिमटा काढलास की आठ दिवस वळ राहिला. "दोनदा इचारू नको गो! ताट बघ. भात सरला तर भात, आमटी सरली तर आमटी. तोंडापेक्षा ताट खरा बोलतंय." तेव्हापासून मी ताट बघू लागले. माणूस मागायच्या आधी वाढू लागले. कामगार म्हणायचे, मावशी, तुमची पोर मनातलं ओळखते. तू पदरानं तोंड पुसायचीस आणि भाकरी उलटायचीस. त्या पंगतीतला एकच माणूस मला पुरता ओळखून होता. तो मुद्दाम ताटावर हात आडवा धरून बसायचा आणि मी कशी गोंधळते ते बघून हसायचा. पुढे त्याच्याशीच तू माझं लग्न लावून दिलंस. प्रमाणपत्र काढायला पहिल्यांदा मला घेऊन गेले ते हेच.

आणि तो आरसा. महाडच्या बाजारातून तू लाल प्लास्टिकच्या चौकटीचा आरसा आणलास आणि चुलीमागच्या भिंतीला टांगलास. शेजारीण म्हणाली, चुलीपाशी कसला नट्टापट्टा? तू म्हणालीस, "पोरगी वयात येते, बघील तोंड." पण तो माझ्या तोंडासाठी नव्हता. भिंतीकडे तोंड करून मी भाकऱ्या थापायची, तेव्हा पाठीमागे कोण आलं, कुणाचे ओठ हलतायत, ते त्यात दिसायचं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. आयुष्यात मिळालेली सगळ्यात चांगली भेट म्हणून मी आजवर त्याच आरशाचं नाव घेत आले.

त्या सवयीनंच माझा घात केला. तपासणीला जिल्ह्याच्या गावी जायचं होतं, लेक सोबत आली. कापूस भरल्यासारख्या भिंतींची एक खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तपासणारी मुलगी शहाणी होती. तिनं माझी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करायला लावली, म्हणजे मला तिचे हात दिसू नयेत. माझ्यासमोर कानाचं एक मोठं चित्र काचेत मढवून लावलं होतं, आतला शंख, पडदा, सगळं रंगवलेलं. आणि त्या काचेत ती मुलगी दिसत होती. मशीनचं बटण फिरवताना तिचं कोपर जरासं उचलायचं. कोपर हललं की मी बटण दाबलं. देवाशपथ सांगते, ठरवून केलं नाही. ताटातला भात सरला की पळी आपोआप पुढे होते, तसंच झालं. मनात एकच होतं, चुकायचं नाही. कुणाला कळायला नको. ज्या एका जागी कळायला हवं होतं तिथेही.

आत डॉक्टर कागद बघत खाली मान घालून बोलत होते. मला त्यांचा भांग तेवढा दिसत होता. ते थांबले की मी "हो" म्हणत होते. तीन वेळा म्हटलं. मग लेक एकदम उठून उभी राहिली आणि डॉक्टरांनी मान वर केली. तिनं मला बाहेर आल्यावर सांगितलं, ते विचारत होते, तुम्हाला बरंच ऐकू येतंय, मान्य आहे का? मी हो म्हणाले. आधीचं प्रमाणपत्र ओळखीनं काढलं होतं का? हो. मग जबाबदारी तुमची, कळतंय ना? हो.

"डॉक्टर, ती हो म्हणते याचा अर्थ तिला कळलं असा नसतो," लेक म्हणाली. हे मी तिच्या ओठांवर वाचलं. "आणि ती काचेत बघून बटण दाबत होती. मी दारातून बघितलं."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारून माझ्याकडे तोंड केलं. "ऐकू येत असून येत नाही म्हणणारे रोज येतात," ते म्हणाले, "उलटं करणारं माणूस पहिल्यांदा बघतोय." त्यांनी दुसरी तपासणी लिहून दिली, तीन आठवड्यांनी.

त्या तीन आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसनं गेले, आले, शिक्के मारले. नोकरी गेली तर काय, असं मनाशी म्हणून बघितलं, पण आतून काहीच हललं नाही, मुंग्या आलेल्या पायाला चिमटा घ्यावा तसं. रडू येईल म्हणून एकदा मुद्दाम मोरीत जाऊन उभी राहिले. आलं नाही, म्हणून पाय धुऊन बाहेर आले. लेक चिडली होती. "आई, तू सगळ्यांना आयुष्यभर फसवलंस, आता एक दिवस खरं वागायला तुला जमत नाही!" मी म्हटलं, हो. तर ती आणखीच चिडली.

दुसऱ्या वेळी त्यांनी मला पलंगावर निजवलं. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या. लेक जवळ येऊन म्हणाली, "डोळे मीट आणि काही करू नको. खरंच काही करू नको." मी डोळे मिटले. बटण नाही, मान डोलवायची नाही, कुणाच्या ताटात काय सरलं ते बघायचं नाही. मशीन थेट माझ्या नसांना विचारत होतं आणि उत्तर द्यायला मी लागत नव्हते. सातव्या वर्षापासून पहिल्यांदा मी नुसती बहिरी होऊन पडून होते. किती वेळ गेला ठाऊक नाही, मला झोप लागली. उठवलं तेव्हा त्या तपासणाऱ्या मुलीनं मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. आवाज पोचला की रेघेत डोंगर उठतात म्हणे. माझ्या रेघा पलीकडच्या टोकापर्यंत सपाट गेल्या होत्या. मुलगी मास्क खाली ओढून, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं कसं काय निभावलंत?" मी हो म्हणणार होते. मग म्हटलं, "ताट बघून." तिला काही कळलं नाही, पण तिनं मान हलवली. ही सवय नुसती बहिऱ्यांनाच असते असं नाही.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी साहेब फाईल चाळत माझ्याशी काही बोलले. मी उभी होते. तोंडाशी आलेला हो मी गिळला आणि म्हटलं, "साहेब, मला ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून पुन्हा सांगा." अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. साहेबांनी मान वर करून पुन्हा सांगितलं. कालचं एक पत्र हवं होतं, बाकी काही नाही. मी जागेवर येऊन बसले आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, मला दरदरून घाम फुटला. कारण मला तू आठवलीस.

तुझा शेवटचा दिवस. चुलीच्या धुरानं छाती गेलेली, महाडच्या दवाखान्यात तोंडावर प्राणवायूचा मास्क. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट पलंगावर. वाडीवरून मामा आले होते, पायथ्याशी उभे होते. तू माझं मनगट धरलंस आणि बोलू लागलीस. मास्कच्या आत वाफ धरत होती, जात होती. ओठ दिसत नव्हते. बरंच बोललीस, मध्ये थांबून दम घेऊन बोललीस. मग माझ्याकडे बघत राहिलीस, कबूल करून घेताना बघायचीस तशी. मी म्हटलं, "हो." तुझी पकड सैल झाली, तू डोळे मिटलेस, आणि संध्याकाळच्या आत गेलीस.

मामांनी विचारलं, "काय बोलली गो?" मी म्हटलं, "म्हणाली, सगळे नीट ऱ्हावा." मामा अजून दर वर्षी तुझ्या तिथीला चार माणसांत ते सांगतात आणि डोळे पुसतात. मी पानं वाढत असते.

तो मास्क बोटभर बाजूला करता आला असता. मला सुचलं नाही असं मी स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. सुचलं होतं. मामा बघत होते, नर्स बघत होती, आणि मला कुणापुढे बहिरी दिसायचं नव्हतं. तुझ्यापुढेसुद्धा नाही, तुला तर ठाऊकच होतं.

हे पत्र रजिस्टरात चढणार नाही, याला जावक नंबर नाही. प्रमाणपत्राच्या पिशवीतच घालून ठेवते.

आये, तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नव्हतं. दोनदा विचारू नको, एवढंच तू सांगितलं होतंस. मी एकदाही विचारलं नाही.